मला लागलंच नाही!

आषाढीला पंढरपूर गाठलेले मराठवाड्यातले अनेक वारकरी त्यानंतरच्या वद्य एकादशीला नरसी नामदेवला येतात. या दिवसाला परतवारी म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं हे गाव परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि जन्माचं साल १२७०. गावाला आपल्या लेकराचा अभिमान असणारच. पण नामदेवांच्या ज्या गोष्टी कीर्तनकार रंगवून सांगतात, त्यातली एक त्यांच्या मोठेपणाची नाही, चक्क फजितीची आहे.

तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईला तिथे एक थापटणं दिसलं. हे कशाला, असं तिने विचारलं. मडकं भाजलंय की कच्चं राहिलंय ते याने ठोकून बघतात, असं उत्तर आलं. मग आमच्यातलं कच्चं कोण तेही बघा की, असं त्या सगळ्यांत धाकट्या पोरीने सुचवलं. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते उसळले. सगळे हसले, आणि हे मडकं कच्चं आहे, असा निकाल लागला.

गोष्ट ऐकताना आपण सवयीने हसणाऱ्यांच्या बाजूला बसतो. जरा सरकून नामदेवांच्या शेजारी बसून बघावं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या डोक्यात न विचारता लाकूड हाणलं, तो रागावला, आणि त्या रागाचाच पुरावा करून त्याला नापास केलं. बाकीच्यांनी सोसलं ते आपल्या मर्जीने. नामदेवांची मर्जी कुणी विचारली होती? डोकं ज्याचं, लागलं की नाही हे त्यानेच सांगायचं.

नेमक्या याच मुद्द्यावर आज हजारो लोक रोज भांडतात. नामदेवांचं नावही त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. ही भांडणं रोलप्लेवाल्यांची, म्हणजे इंटरनेटवर सोंगं घेऊन खेळणाऱ्यांची. दहा-पंधरा जण मिळून एक काल्पनिक राज्य उभं करतात. कुणी चेटकीण होतो, कुणी दरोडेखोर, कुणी गादी गेलेला राजपुत्र. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने चार ओळी लिहायच्या आणि पुढच्याची वाट बघायची. एकाने लिहायचं, “मी तलवार उगारली.” ती लागली, चुकली की ढालीवर अडली, हे समोरच्याने लिहायचं. या खेळातलं सगळं सौजन्य एवढ्या एका रिकाम्या जागेत असतं, आणि भांडणंही तिथेच लागतात. कुणी परस्पर लिहून टाकतो, “मी तलवार उगारली आणि तुझा हात तुटून पडला.” दुसरा असा, की त्याच्यावर अख्खा डोंगर कोसळला तरी त्याचं म्हणणं एकच: मला लागलंच नाही! खेळाडू या दोन्ही रोगांना ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात. आपल्याकडे गल्लीत लाकडी तलवारी घेऊन खेळणाऱ्या पोरांनी याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवलंय, रडीचा डाव.

बाकीच्या कुरबुरी याच घरातल्या. पडद्यामागे कट शिजतोय हे खेळाडूने वाचलेलं असतं, म्हणून त्याच्या पात्रालाही ते आपोआप कळतं. कुणाचं पात्र तलवारबाजीत पहिलं, जादूत पहिलं, रूपात पहिलं आणि वर अनाथ. समोरच्याने पानभर लिहावं आणि याने “तो हसला” एवढंच लिहून सुटावं, किंवा समोरच्याने दोन ओळी लिहाव्यात आणि याने चेटकिणीच्या केसांवर तीन परिच्छेद खर्चावेत. ऐकायला हे सगळं पोरकट वाटतं. पण ज्या मंडळाकडे ना पंच, ना घटना, ना पोलीस, त्याचा कायदा अशा चिडचिडीतूनच बनत जातो.

रिचर्ड बार्टल या इंग्रज अभ्यासकाने या चिडचिडीचं मूळ शोधलं होतं. रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली एसेक्स विद्यापीठात सुरू केलेला ‘मड’ हा संगणकावरचा सामुदायिक खेळ बार्टल यांनीच पुढे नेला, त्यामुळे खेळाडूंचे स्वभाव त्यांना जवळून बघायला मिळाले. १९९६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवर बसवले. चौकट म्हणजे धन आणि बढती गोळा करणारे. इस्पिक म्हणजे कानाकोपरे उकरणारे, कारण इस्पिकच्या इंग्रजी नावाचा अर्थ फावडं. बदाम म्हणजे माणसांच्या ओढीने आलेले. आणि किलवर, ज्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ सोटा, म्हणजे दुसऱ्याला छळण्यातच ज्यांना मजा येते ते. चौघे एकाच खेळात असतात, पण चौघांचे खेळ चार. किलवर फार वाढले की बदाम निघून जातात, हे बार्टल यांचं निरीक्षण. भिशी, भजनी मंडळ किंवा हाउसिंग सोसायटी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला ते पटवून द्यावं लागणार नाही.

खुद्द ज्यांनी या खेळांचा पाया घातला तेही सुटले नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा सोंगांचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीने १९७४ साली आणला. पाच वर्षांत श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन कोर्टात गेले.

सोंग घेऊन जागच्या जागी बोलायचं, हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही. तळकोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा आधी ठरतो आणि संवाद नटाला उभ्या उभ्या सुचतात. एकाने लांबण लावलं तर दुसऱ्याचा प्रवेश पडतो, आणि समोरच्याने वाक्य झेललंच नाही तर राजाचाही विदूषक होतो. ही शिस्त पुस्तकातून येत नाही, रात्र रात्र जागून अंगवळणी पडते.

मराठवाड्यात सोंग घेतलं ते भारुडाने. पैठणच्या एकनाथांची जवळपास तीनशे भारुडं सांगतात. त्यांत ते जोशी होतात, गोंधळी होतात, आंधळे होतात, बहिरे होतात, महार होतात, सासुरवाशीण होतात. सोळाव्या शतकातला एक ब्राह्मण महाराच्या तोंडाने ब्राह्मणाशी वाद घालतो, हे सोंग साधं नव्हे. पण शेवटी गुरू जनार्दनस्वामींचं नाव जोडलेली मुद्रा येते आणि मुखवटा उतरतो. इथपर्यंत पात्र बोललं, आता नाथ बोलतायत, हे निरक्षर श्रोत्यालाही कळतं. इंटरनेटवरचे खेळाडू हेच काम दुहेरी कंसाने करतात. कंसाबाहेर पात्र बोलतं, कंसात माणूस. गल्लीतली पोरं “टाइम प्लीज” म्हणतात. या मंडळींच्या तक्रारींत अर्ध्याहून अधिक तक्रारी, अंदाजाने का होईना, या सीमारेषेच्याच असाव्यात. पात्राने शिवी दिली तर माणूस रुसतो, किंवा माणसाला दुसऱ्या माणसावरचा राग काढायचा असतो आणि तो पात्राच्या हातात सुरा देतो.

जाता जाता एक गंमत. खुद्द ‘नामा’ ही मुद्राही पुढे सोंगासारखी वापरली गेली. विष्णुदास नामा आणि आणखी कित्येकांची रचना त्या नावाखाली मिसळली. राज्य शासनाने १९७० साली नामदेव गाथा छापली, तरी त्यातलं मूळ नामदेवांचं किती यावर अभ्यासकांचा वाद संपलेला नाही. ख्रिश्चन नोवेट्झकी या अमेरिकी अभ्यासकाने २००८ साली या सामायिक नामदेवावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपलं पात्र इतक्या जणांनी वापरलं म्हणून नामदेव रागावले असते का, कोण जाणे. तोवर मडकं बहुधा पक्कं झालं असावं.

प्रत्येक वेळी गोष्ट चिडचिडीवर थांबत नाही. अमेरिकेत पावेल कर्टिस यांनी १९९० साली चालू केलेल्या ‘लॅम्डामू’ या शब्दांच्या जगात १९९३ साली एका खेळाडूने दुसऱ्यांची पात्रं आपल्या ताब्यात असल्यासारखी वापरली आणि त्यांच्या नावाने, त्यांच्या मर्जीविरुद्ध, लैंगिक अत्याचाराची वर्णनं भर दिवाणखान्यात सर्वांसमोर लिहिली. ज्यूलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर लिहिलेला लेख आजही या विषयावर आधी वाचला जातो. एका बाईने तिथे संतापून न्याय मागितला, आणि ते टंकताना तिच्या डोळ्यांतून खरं पाणी येत होतं, असं डिबेल सांगतात. शब्दच तर होते, तुला कुठे लागलं, असं विचारणारेही निघाले. सभा भरली, वाद झाले, ठराव मात्र झाला नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने त्या खेळाडूचं खातं आपल्या अधिकारात पुसून टाकलं. त्यानंतर कर्टिस यांनी तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. गुन्हा आणि रडीचा डाव यांत फरक केलाच पाहिजे. गुन्हा नाव घेऊन, चारचौघांत, नियमावर बोट ठेवून मांडावा लागतो.

कुरबुरीचं मात्र उलटं असतं. ती चारचौघांत मांडली की नासते, आणि तरीही आपण ती तिथेच मांडतो, तीही नाव न घेता. “काही लोकांना एवढंही कळत नाही की...” अशी सुरुवात असलेला मजकूर रोलप्लेच्या गटात पडतो, तसा कुटुंबाच्या गटातही पडतो आणि शाळेच्या पालकांच्या गटातही. लिहिणाऱ्याला वाटतं, कुणाला दुखवलं नाही. प्रत्यक्षात ज्याच्यासाठी ते लिहिलं तो आरामात अंगठा दाखवून जातो, त्याच्या डोळ्यांसमोर तिसराच कुणी असतो. आणि जो मुळात जपून वागतो, ज्याने परवा चुकून दोन ओळी जास्त लिहिल्या, तो हे आपल्यालाच होतं असं समजून पुढचे पंधरा दिवस गप्प बसतो. भिंतीवर मारलेला दगड भलत्याच्या कपाळावर बसतो.

शिवाय तक्रार करणारे संख्येने जास्त आहेत म्हणून ती खरी ठरत नाही. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ आहे. तिथली आख्यायिका अशी, की नामदेवांच्या कीर्तनाने पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं. ते गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागे आहे, त्याचं कारण लोक हेच सांगतात. नव्या माणसाला “मागे जा, इथे असं चालत नाही” म्हणणारी जुनी मंडळी प्रत्येक गटात असतात. देवळं मात्र रोज फिरत नाहीत.

याच औंढ्यात नामदेवांना त्यांची खरी चूक कळली. गोरोबांच्या घरून ते तडक पंढरपूरला विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले होते, आणि देवाने त्यांची बाजू घेण्याऐवजी विसोबा खेचरांकडे जायला सांगितलं. नामदेव पोहोचले तर हा म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निवांत पडलेला. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, मला उठवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे लिंग. तिसरीकडे, तिथेही लिंग. देव फक्त पंढरीत आपल्याशी बोलतो या समजुतीचं पुढे काय झालं, ते सांगायला नको.

थापटण्याने जे कळलं नाही ते इथे कळलं, याचं श्रेय चमत्काराला द्यायचं की पद्धतीला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. बघे नाहीत, हशा नाही, निकाल नाही. एक माणूस, दुसरा माणूस, आणि पाय उचलायचं काम चुकणाऱ्याच्याच हाती. हे विसोबा तरी कोण? आख्यायिकेनुसार आळंदीत ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचा छळ करणारे, मुक्ताबाईला मांडे भाजायला मातीचं परळ मिळू न देणारे, तेच हे. बार्टलच्या भाषेत बोलायचं तर एकेकाळचं अस्सल किलवर. थापटणं कशाला असतं हे विचारणारी मुक्ताबाई आणि तिला परळ नाकारणारा विसोबा, दोघेही नामदेवांच्या एकाच शिक्षणात सामील आहेत.

परतवारीच्या गर्दीत आता तरुण पोरंही असतात, आणि त्यांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये कुठल्या तरी गटात कुणीतरी कुणावर चिडलेलं असतंच. “काही लोकांना...” असा मजकूर टंकून झाला असेल तर पाठवायच्या आधी एवढंच बघावं: त्या ‘काही लोकां’पैकी जो एक मनात आहे, त्याचा नंबर आपल्याकडे आहे का? असेल तर गटाऐवजी त्याला लिहावं.