विकर्णाचं अर्धं कर्तव्य

१२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर विमान जबलपूरच्या डुमना विमानतळावर धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. कुणाला इजा झाली नाही. पण विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं होतं आणि वेळीच पुन्हा वर नेलं गेलं नव्हतं, म्हणून हवाई वाहतूक नियामक डीजीसीएने दोन्ही वैमानिकांचे परवाने वर्षभरासाठी निलंबित केले. दोघांचेही! वरिष्ठाचा मान राखणं हा सद्गुण मानणाऱ्या आपल्या समाजाने या शिक्षेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ७ ऑगस्ट २०२०च्या कोझिकोड विमान अपघातात तो आणखी स्पष्ट दिसतो. कॅप्टन होते नागपूरचे दीपक साठे, हवाई दलात नावाजलेले वैमानिक. पाऊस, पाठीमागून वारा, २७०० मीटरच्या धावपट्टीचा जवळपास अर्धा भाग मागे पडलेला. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं, विमान उतरतच राहिलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. चौकशी अहवालाने कॅप्टनवर ठपका ठेवलाच, शिवाय सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, हेही कारणांत नोंदवलं.

महाभारतातल्या द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प असताना दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण अन्यायाविरुद्ध बोलला, याचं आपल्याला कौतुक वाटतं. मला नुसतं बोलणं अपुरं वाटतं. कर्णाने त्याला पोरकट ठरवलं, तो गप्प झाला आणि पुढे दुर्योधनाच्याच बाजूने लढून मेला. बोलून आपला हात निर्मळ राहतो, पण ज्याच्यासाठी बोललो तो वाचतोच असं नाही. म्हणून ऐकलं गेलं नाही तर सहवैमानिकाने ताबाच घ्यायला हवा. यावर रास्त आक्षेप आहे: जमिनीलगत दोघांनी नियंत्रणं ओढली तर अनर्थ होईल. म्हणून तर पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी ‘वेग जास्त आहे’ अशी नोंद, मग थेट इशारा, मग ‘गो-अराउंड’, आणि तरी काही झालं नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ (ताबा माझ्याकडे), ज्यावर दुसऱ्याने हात काढायचे. दुसरा आक्षेप अनुभवाचा: हजारो तास विमान उडवलेल्याला नवख्याने शिकवावं का? नवखा चुकला तर थोडं इंधन आणि काही मिनिटं वाया जातील. कॅप्टन चुकले तर माणसं जातील. इतक्या विषम तराजूत ज्येष्ठतेचं वजन टाकणं मला अधर्म वाटतो. अर्थात ज्याची बढती त्याच कॅप्टनच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून एकट्याने धैर्य मागणं अन्याय्य आहे. कंपन्यांनी ‘गो-अराउंड’ म्हणणाऱ्या कनिष्ठाला, त्याचा अंदाज चुकला तरी, लेखी संरक्षण द्यावं, आणि कॅप्टनपदाच्या परीक्षेत कनिष्ठाचं ऐकणं तपासावं.