फुटतुटीची वही

राजापूर तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं कपाट पुष्कळ गावांत आहे.

कोकणातल्या बहुतेक गावांचं असतं तसं या गावाचंही मुंबईत मंडळ होतं. परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या चाकरमान्यांनी महिन्याच्या वर्गणीवर चालवलेलं. देवळाचा सभामंडप झाला होता, वाडीला पाण्याची टाकी झाली होती. एका वर्षी शाळेला विज्ञानाचं साहित्य द्यायची टूम निघाली. ती काढली अण्णांनी. अण्णा गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. शिक्षण सातवी. त्यांच्या वेळी शाळेत विज्ञान होतं ते फळ्यावर, चुंबकाला हात लागला तो थेट गिरणीत. पैसे उभे करायला दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना लावला, तिकिटं खपवली, कमी पडले ते खोल्या-खोल्यांतून फिरून जमवले.

गणपतीला माणसं गावी आली, तेव्हा मागोमाग टेम्पोतून कपाट आलं. दोन सूक्ष्मदर्शक, पट्टीचुंबक, लोलक, बहिर्वक्र भिंगं, ताणकाटे, होकायंत्रं, परीक्षानळ्या, चंचुपात्रं, टॉर्चचे बल्ब आणि सेल. नारळ फुटला, शाल-श्रीफळ झालं, कपाटाच्या दारावर सौजन्याची पाटी ठोकली, फोटो निघाले. सहावी-सातवीच्या मुलांनी ओळीने उभं राहून प्रत्येक वस्तू लांबून पाहिली. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक गुरुजींनी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

गुरुजी वाईट नव्हते. वस्तू शाळेत आली की डेड स्टॉक रजिस्टरला चढते. चढायला एक सही पुरते, उतरवायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला जोडपत्रं आणि मग तालुक्याचे हेलपाटे. तपासणीला आलेला साहेब रजिस्टर आणि कपाट ताडून बघतो. चुंबकाचं कुठलं टोक उत्तरेला जातं, हे तो मुलांना क्वचितच विचारतो. निवृत्ती जवळ आलेली, चार्ज देताना एक भिंग कमी भरलं तर वसुली आपल्याच पगारातून, ही धास्ती. अशा माणसाने कुलूप घातलं, तर सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. खातं ज्या गोष्टीचा हिशेब मागतं, तीच गोष्ट माणूस जपतो.

काही पावसाळे गेले. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. पुढे एका मे महिन्यात अण्णा गावी आले आणि त्यांनी कपाट उघडायला सांगितलं.

“एक नळी फुटलेली नाही, अण्णा,” गुरुजी अभिमानाने म्हणाले. आणि ते खरं होतं.

अण्णांनी पट्टीचुंबक उचलला आणि टेबलावरच्या टाचणीला लावला. टाचणी हलली, पण उचलली गेली नाही. पट्टीचुंबक ठेवायची एक रीत असते: जोडीने ठेवायचे, विरुद्ध ध्रुव शेजारी-शेजारी, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची पट्टी. इथे ते खोक्यात कसेही पडले होते, सारखे ध्रुव एकमेकांना लागून. अशाने चुंबकाची शक्ती हळूहळू उतरते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर धुकं. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, तिचे बारीक धागे काचेभर पसरले होते. सेल पाझरून त्यांच्यावर पांढरा खार आला होता. रजिस्टरप्रमाणे सगळं साहित्य जागेवर होतं.

अण्णा रागावले नाहीत. खुर्चीवर बसत म्हणाले, “गुरुजी, आमच्या खात्यात कुणाच्या पेटीत नवीकोरी कानस दिसली, की मुकादम विचारायचा, महिनाभर काय केलंस?”

गुरुजींनी चहा मागवला. विषय तिथे थांबला.

जूनमध्ये शाळेत बदलून एक बाई आल्या. गणित-विज्ञानाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी किल्ली मागितली. गुरुजींनी लेखी मागितलं, बाईंनी लिहून दिलं: फुटलं तर जबाबदारी माझी. सही केली आणि कपाट वर्गात ओढून नेलं.

या बाईंनी पुण्याला आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहिली होती. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचा हात लागलेली ती वास्तू. तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली आणि करायला शिकवली. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर 1978 मध्ये नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला. तिथे 1972 मध्ये 16 शाळांपासून एक प्रयोग सुरू झाला होता: उच्च प्राथमिक वर्गांतल्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून बघायचं. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्रिकोण, घन, घरं उभी करण्याची गुप्तांची कल्पना तिथलीच. मुलाच्या हातून खेळणं मोडणं हा त्या खेळण्याचा सर्वांत चांगला उपयोग, असं ते सांगत आले. पालकांना हे पटायला जड जातं, डेड स्टॉक रजिस्टरला तर त्याहून जड.

बाईंनी सुरुवात बिघडलेल्या सामानापासूनच केली. बुरशी धरलेलं भिंग टाकून न देता मुलांना हातभिंगातून ती बुरशी दाखवली. मग कुणी चपलेची आणली, कुणी लोणच्याची. एक सूक्ष्मदर्शक पुसून वापरात आला, दुसऱ्याच्या काचेवर कायमचे डाग राहिले. मेलेल्या चुंबकांवर मुलांनी जुन्या स्पीकरचा चुंबक एकाच दिशेने पुन्हा पुन्हा घासला. पुरता नाही, पण टाचण्या उचलण्याइतका जीव आला. त्यांतल्या एका चुंबकाला कागद गुंडाळून एका मुलाने समुद्रावरून आणलेल्या वाळूतून तो फिरवला, तर काळे कण कागदावर ताठ उभे राहिले. तालुक्याच्या किनाऱ्याची वाळू काळपट का दिसते, यावर वर्ग मग दोन तास बोलत होता. त्या दिवशीचा भूगोलाचा तास बुडाला, हेही सांगायला हवं.

स्पिरिटचा दिवा आणि आम्लाची बाटली मात्र बाईंनी कधी मुलांच्या हाती सोडली नाही. मोकळीक आणि गलथानपणा यांतला फरक त्यांना चांगला ठाऊक होता.

वस्तू वापरात आल्या तशा फुटू लागल्या. बाईंनी दोनशे पानी वही घेतली, मुलांनीच तिच्यावर नाव घातलं ‘फुटतुटीची वही’. नियम एकच: ज्याच्या हातून मोडलं त्याने स्वतः लिहायचं, काय झालं आणि का झालं.

“परीक्षानळी 1. तापवली आणि लगेच गार पाण्यात धरली. तडकली. बाहेरची काच आक्रसली, आतली गरमच होती.”

“बल्ब 1. अडीच व्होल्टचा. चार सेल लावले म्हणजे सहा व्होल्ट. एकदम लख्ख पेटला आणि गेला. मजा आली.” शेवटचे दोन शब्द बाईंनी खोडलेले नाहीत.

“ताणकाटा 1. दोन किलोचा. माझं दप्तर अडकवलं. काढल्यावर काटा शून्यावर आला नाही. दप्तर दुकानात वजन केलं, साडेचार किलो.” या नोंदीखाली ताणलेली स्प्रिंग चिकटपट्टीने लावली होती.

पुढच्या गणपतीला मंडळाची माणसं शाळेत आली. कपाट अर्धं रिकामं, नळ्यांच्या स्टँडला भोकंच जास्त. गुरुजींना घाम फुटला. मंडळाचे खजिनदार तापट गृहस्थ. “घरोघर हात पसरून जमवलेले पैसे आहेत हे, बाई. ही काय नासाडी?” त्यांचंही काही खोटं नव्हतं. ज्याने तिकिटं खपवली, त्यालाच त्या पैशाची किंमत कळते.

बाईंनी वही अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. स्प्रिंगवर आले, तेव्हा ती बोटांत धरून थोडी ताणून पाहिली आणि विचारलं, “ही कुणाची?”

सातवीतली एक मुलगी उठली.

“आता हिचं काय करशील?”

“हिच्यावर वजन नाही होणार, अण्णा. दोन किलोपर्यंत ताणली की मागे येते, त्याच्या फार पुढे नेली की येत नाही. दुसऱ्या काट्यावर आम्ही दोन किलोवरच थांबतो.”

“आम्ही म्हणायचो, स्प्रिंग मेली,” अण्णा म्हणाले. “मला हे कळायला सायबाकडून अर्ध्या दिवसाचा पगार कापून घ्यावा लागला होता.” मग खजिनदारांकडे वळले. “ह्या पोरीला ते एका काट्यात कळलं. महाग पडलं काय?”

खजिनदारांनी लगेच मान्य केलं असं नाही. मुंबईला परतल्यावर मंडळाच्या बैठकीत बराच वाद झाला. पण ठराव झाला, तो असा: यापुढे शाळेला दिलेल्या प्रयोगसाहित्याच्या देणगीपत्रावर ‘मुलांनी वापरून संपवण्यासाठी’ असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे शाळेला ते खपणाऱ्या साहित्यात नोंदवता येईल. पाटी नको. आणि पुढची रक्कम पाठवण्याआधी शाळेकडून हिशेबाबरोबर फुटतुटीच्या वहीची झेरॉक्स मागवायची. वहीत नोंदी नसतील, तर पैसे रोखायचे.

हा ठराव अण्णांनी सुचवला, आणि अनुमोदनाची सही खजिनदारांची आहे.

आपल्या गावच्या शाळेला असं साहित्य द्यायचा विचार तुमच्याही मंडळात असेल, तर पत्रावर ती ओळ जरूर लिहा. मुख्याध्यापकांशी आधी बोला, त्यांची धास्ती ऐकून घ्या. पावसाआधी चुंबकाच्या खोक्यात लोखंडी पट्ट्या आहेत ना ते पाहायला सांगा. आणि बल्ब लागतील त्याच्या दुप्पट पाठवा.