मालवणला निघताना

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की नाशिक-पुण्याकडच्या घरांत माळ्यावरची बॅग खाली उतरते. मालवणला जायचं ठरलेलं असतं. आणि बॅगेत सगळ्यात आधी काय जातं? स्वेटर. पाठोपाठ मुलांची जाकिटं, आजीची जाड शाल, मोजे. बाहेर पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर आलेला. अंगावर काटा असताना पातळ सुती कपडे सुचणार तरी कसे?

मालवणचा हिवाळा वेगळा असतो. तिथं पहाटे २० अंशांच्या आसपास, दुपारी मात्र ३२. कोकण किनाऱ्यावरची डिसेंबरची दुपार जुलैतल्या दुपारपेक्षा जास्त तापते, हे घाटावरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. जुलैत आभाळ झाकलेलं असतं. हिवाळ्यात ते निरभ्र असतं आणि पूर्वेकडून येणारा वारा सह्याद्री उतरता उतरता तापतो. तो जोरात असला की समुद्रावरून येणारा वारा अडून राहतो आणि दुपार नुसती भाजते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर हे चांगलंच कळतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. होडीतून पाच-दहा मिनिटांत माणूस तिथं पोचतो, पण तटावरून फिरायचं म्हणजे डोक्यावर सावली नाही. इथं उपयोगी पडते ती टोपी, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि पायात घट्ट बसणारी, भिजली तरी चालेल अशी चप्पल. होडीत चढता-उतरताना घोटाभर पाण्यात पाय घालावा लागला, तर बूटमोजेवाल्याची पंचाईत होते.

पाण्यात खेळायचे कपडे वेगळेच हवेत. जीन्स घालून लाटांत उतरलेली मुलं नेहमी दिसतात; भिजलेली जीन्स जड होते, पोहताना पाय ओढते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं तरी ते कापडातच राहतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि दोरीवर दिवसभर वाळलेला कपडा संध्याकाळी पुन्हा दमट लागतो. म्हणून समुद्रावरून आल्या आल्या कपडे गोड्या पाण्यातून काढावेत. आणि जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा, तासाभरात वाळतो.

आणखी एक. फोटोसाठी म्हणून खास पांढरे कपडे घेणाऱ्यांनी तिथली माती आठवावी. जांभ्या दगडाची ती तांबडी माती; तिच्यात लोह असतं. एखादी गाडी शेजारून गेली की तो रंग कपड्यावर बसतो आणि साध्या धुण्यानं सहज निघत नाही.

मग शाल घेऊच नये का? घ्यावी, आणि तिचं खरं काम रात्री आहे. हिवाळा हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात जत्रांचा काळ. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांपुढं दशावतारी नाटकं उभी राहतात. एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज. तेवढ्यावर इंद्राचा दरबारही होतो आणि अरण्यही. पुरुष नट साडी नेसून असे येतात की अनोळखी प्रेक्षक पाहतच राहतो. खेळ रात्री उशिरा रंगतो आणि पहाटेपर्यंत चालतो. उघड्या अंगणात दव पडायला लागलं की २० अंशांची हवाही झोंबते, आणि म्हातारी माणसं कानटोपी घालून, चादर लपेटून बसलेली दिसतात. मालवणला येऊन ही रात्र चुकवणं म्हणजे निम्मं मालवण चुकवणं.

त्या नटांचं सामान पाहावं. मुकुट, दागिने, भरजरी वस्त्रं सगळं एका पेटाऱ्यात. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला पायी जात. राजा, राणी, राक्षस, नारद असे सगळे त्यात मावायचे. चार दिवसांच्या मुक्कामासाठी माणशी एक सुटकेस भरणाऱ्यांनी त्या पेटाऱ्याकडे जरा आदरानं पाहायला हवं.

घाटावरून रात्रीच्या बसनं उतरणार असाल तर एक स्वेटर अंगातच असू द्या. आंबोलीसारख्या ठिकाणी हवा चांगलीच गार असते. तो बॅगेच्या तळाशी गेला, तर ऐन घाटात हाताला लागत नाही.

आणि बॅग निघतानाच गच्च भरू नये. परतताना जत्रेतला खाजा असतो, काजूगर असतात, कोकमं असतात. आगळाची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उभीच ठेवावी. सोडे मात्र झाकणाच्या डब्यात, कपड्यांपासून अगदी लांब. त्यांचा वास एकदा शालीत शिरला की शाल दोन-तीनदा धुवावी लागते.