गोडाचा आग्रह आणि देहाचे ओझे

गेल्या आषाढी वारीत दिवेघाट चढताना आम्हांस तीन वेळा बसावे लागले. हाच घाट पूर्वी आम्ही वीणा गळ्यात घेऊन, भजन न तोडता चढत असू. बरोबरचे टाळकरी म्हणाले, "बुवा, वय झालं आता." आम्ही मान डोलावली. पण परतल्यावर डॉक्टरांनी काट्यावर उभे केले, तेव्हा ओझे वयाचे नसून मेदाचे आहे हे उघड झाले.

"जेवता काय?" डॉक्टरांनी पुसले. आम्ही मोठ्या थाटात सांगितले, "दुपारी भाकरी, रात्री तीही नाही." "आणि चहा?" इथे आमची वाणी अडखळली. सप्ताहात कीर्तनकार ज्या घरी जाईल तिथे कप पुढे येतो. मोजले तर दिवसाकाठी बारा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाचा चमचा सुमारे ४ ग्रॅमचा; म्हणजे ९६ ग्रॅम साखर, आणि ग्रॅमास ४ प्रमाणे ३८४ कॅलरी. तीन-चार पोळ्या आम्ही रोज पिऊन टाकीत होतो, आणि भूक होती तशीच!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी. त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमवर आणली तर अधिक बरे. या हिशेबात मध येतो, फळांचा रस येतो. सबंध फळ येत नाही. गुळाचे म्हणाल तर तोही बहुतांशी साखरच. गुळाचा चहा घेतो म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

मात्र साखर म्हणजे विषच, असे सांगणारेही आम्हांस पटत नाहीत. न्यूझीलंडच्या संशोधकांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडला. आहारात जादा साखर पडली की वजन वाढते. पण साखर काढून तितक्याच कॅलरींचे दुसरे पिष्ट खाल्ले, तर वजन हलत नाही. तेव्हा एकादशीस पेढा टाळून साबुदाण्याची दुसरी ताटली घेणाऱ्याने देवास फसवू नये. चरकाचार्यांनीही स्थौल्याची कारणे सांगताना गोडाबरोबर जड अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप मोजली आहे. (झोपेविषयी आम्ही येथे अधिक बोलत नाही!)

मग प्रसाद नाकारावा काय? छे! पण प्रसाद तळहातावर मावतो. द्रोण भरून दुसऱ्यांदा मागितली ती बुंदी. आपल्या काल्यातच पाहा ना, लाह्या, दही, मिरची, लोणचे. आणि मिळतो तो घासभर.

खरी पंचाईत आग्रहाची. सासवडच्या अलीकडे एक म्हातारी माउली पहाटेपासून किटली घेऊन उभी होती. आम्ही हात जोडले, तसा तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातचं चालत न्हाई का, महाराज?" आमच्या पोटात कालवले. आम्ही म्हणालो, "माउली, चालतं. पण चहा नको, तांब्याभर पाणी दे." ती लगबगीने आत गेली आणि पाण्याबरोबर वाटीभर ताक घेऊन आली. ते आम्ही तिच्या ओट्यावर बसून प्यालो.