चीर ओली असतानाच सांगावी

पेणला गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं. हमरापूर, जोहे, कळवे ही गावं तर याच कामावर उभी आहेत. एक शाडूची मूर्ती कितीतरी हातांतून जाते. कुणी माती मळतो, कुणी ती साच्यात दाबतो, कुणी सोंड आणि हात जोडून सांधे बुजवतो. वाळल्यावर घासकाम, मग रंग आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी.

समजा, सोंडेच्या सांध्यावर केसाएवढी चीर पडली. मूर्ती ओली असताना दिसली, तर ओलं बोट आणि चिमूटभर माती पुरते. वाळल्यावर दिसली, तर भरा, पुन्हा घासा. आखणी झाल्यावर दिसली, तर सगळ्यांचीच मेहनत पाण्यात. चीर तेवढीच असते. उशीर तिला महाग करतो. म्हणून कारखान्यातल्या सगळ्यांत नवख्या पोरालाही ‘दादा, इथं चीर दिसतेय’ असं बिनदिक्कत म्हणता आलं पाहिजे.

पेणहून रेल्वेने पुढे रोह्याला गेलं की धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे पाळी बदलताना ‘हा व्हॉल्व्ह जरा गळतोय, लक्ष ठेव’ एवढं एक वाक्य न सांगता कुणी घरी गेला, तर येणाऱ्या पाळीच्या जिवाशी गाठ. आणि ते वाक्य तोंडातून निघेल की नाही, हे मागच्या वेळी सांगणाऱ्याला शाबासकी मिळाली की बोलणी बसली, यावर ठरतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती.

हुशार माणसं एकत्र बसवली म्हणून टीम होत नाही. वाईट बातमी जिथे लवकर आणि निर्धास्तपणे सांगता येते, तिथे ती होते. ही जबाबदारी आधी वरच्या माणसाची. आज कुणी तुमच्याकडे एखादी अडचण घेऊन आलं, तर ‘कुणी केलं?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी म्हणा, ‘बरं झालं, वेळेत सांगितलंस.’ मग दोघं मिळून कामाला लागा.