घास देणे आणि वाट देणे

जेवायला बसण्यापूर्वी गाईसाठी, कावळ्यासाठी एक घास बाजूला काढून ठेवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. इतर जीवांचे आपल्यावर ऋण आहे आणि ते थोडे तरी फेडावे, ही भावना त्यामागे आहे. रीत चांगलीच आहे. पण तिच्या जोडीला एक प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. ज्या जीवाला आपण घास देतो, त्याची वाट आपणच अडवून ठेवली असेल, तर त्या घासाने ऋण फिटते का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज आपण एका दूरच्या नदीकडे पाहू या. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील पेनॉबस्कॉट ही मोठी नदी जंगलांतून वाहत येऊन अटलांटिक महासागराला मिळते. या नदीत एका माशासाठी माणसांनी जे केले, त्यात सेवेविषयी खूप काही शिकण्यासारखे आहे. तो मासा म्हणजे अटलांटिक सॅमन.

एका जीवाची वाट

सॅमनचा जन्म गोड्या पाण्यात होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत मादी वरच्या ओढ्यांमध्ये येते, शेपटीने गोटे-खडी उकरून खळगा करते आणि त्यात हजारो अंडी घालून ती पुन्हा खडीने झाकते. हिवाळाभर वरून थंड, स्वच्छ पाणी वाहत राहते. वसंत ऋतूत पिल्ले बाहेर येतात. दोन-तीन वर्षे ती त्याच ओढ्यात वाढतात. मग त्यांच्या शरीरात बदल होतो. अंगावर चंदेरी झाक येते, खारे पाणी सोसण्याची शक्ती येते आणि एका वसंतात ती प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघतात. जाताना आपल्या पाण्याचा गंध ती जणू मनात साठवून नेतात.

समुद्रात ती उत्तरेकडे ग्रीनलंडच्या किनाऱ्यापर्यंत जातात. एक-दोन हिवाळे तेथे काढून, मोठी होऊन, हजारो किलोमीटरचा प्रवास करून परत फिरतात आणि गंधाच्या आधाराने आपलीच नदी शोधून काढतात. नदीत शिरल्यावर सॅमन जवळजवळ काहीही खात नाही. अंगात साठवलेल्या शक्तीवर तो प्रवाहाविरुद्ध चढत जातो. अंडी घातल्यावर बहुतेक मासे थकून मरतात, काही थोडे समुद्रात परत जातात.

आता विचार करा. या जीवाचे घर नेमके कोणते? ओढा, नदी, खाडी की महासागर? यांपैकी एकही त्याला एकट्याने पुरत नाही. त्याचे घर म्हणजे या सर्वांना जोडणारी अखंड वाट. ती एका ठिकाणी जरी तुटली, तरी बाकी सारे असून नसल्यासारखे होते.

सन्मान झाला, पण वाट अडलेलीच राहिली

एकोणिसाव्या शतकात पेनॉबस्कॉटच्या काठी लाकूड कापण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बँगोर हे शहर लाकडाच्या व्यापारासाठी जगभर प्रसिद्ध झाले. गिरण्यांसाठी, आणि पुढे कागदासाठी व विजेसाठी, नदीवर एकामागून एक धरणे आली. धरण बांधणाऱ्यांच्या मनात सॅमनविषयी वैर नव्हते. त्यांना लाकूड कापायचे होते, घरे चालवायची होती. मासा त्यांच्या हिशेबातच नव्हता. आपल्या हातून होणारी बरीचशी हिंसा अशीच असते. ती द्वेषातून होत नाही, तर दुसऱ्याला हिशेबात न धरल्यामुळे होते.

मासे कमी होत आहेत हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. १८७१ मध्ये चार्ल्स ॲटकिन्स यांनी जवळच्या क्रेग ब्रूक या ओढ्यावर सॅमनची अंडी उबवण्याचे काम सुरू केले. तेथील मत्स्यबीज केंद्र आजही चालू आहे. पिढ्यानपिढ्या तेथील लोकांनी अंडी जपली, पिल्ले वाढवली, नदीत सोडली.

त्याच काळात या माशाला मोठा मानही मिळाला. १९१२ पासून, बँगोरजवळ हंगामात पकडलेला पहिला सॅमन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट म्हणून पाठवण्याची प्रथा पडली. मधल्या काळात ती खंडित झाली, पुन्हा सुरू झाली आणि १९९२ नंतर थांबली. पाठवण्याइतके मासेच उरले नव्हते. २००९ मध्ये पेनॉबस्कॉटच्या सॅमनची नोंद अमेरिकेच्या कायद्यानुसार नामशेष होण्याच्या धोक्यातील जीवांमध्ये झाली.

म्हणजे पाहा, माशाला मान होता, कौतुक होते, अन्न होते, सांभाळणारे हात होते. नव्हती ती फक्त वाट. नदीची आरती करून त्याच नदीत सांडपाणी सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचे वाटायला हवे. पूज्य मानणे आणि जगू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने मनाला समाधान मिळते, म्हणून दुसरी राहून गेल्याचे कळत नाही.

धरण खाली उतरले

या नदीच्या काठी पेनॉबस्कॉट नावाचेच आदिवासी राष्ट्र हजारो वर्षांपासून राहते. त्यांचे मुख्य गाव नदीतल्या एका बेटावर आहे. आपल्या हद्दीत पोटापुरते मासे धरण्याचा हक्क त्यांना कायद्याने आहे. तरी सॅमन कमी झाल्यावर त्यांनी तो हक्क सॅमनपुरता जवळजवळ वापरलाच नाही. हक्क असताना हात आवरणे याला आपण संयम म्हणतो. हाच संयम पुढे मोठ्या कामाचा पाया ठरला.

२००४ मध्ये पेनॉबस्कॉट राष्ट्र, निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्था, सरकारी खाती आणि धरणांची मालक असलेली वीज कंपनी यांच्यात करार झाला. वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले लोक एका मेजाभोवती बसले. खालच्या बाजूची दोन धरणे विकत घेऊन काढून टाकायची, तिसऱ्याला वळसा घालणारा प्रवाह तयार करायचा आणि त्या बदल्यात इतर ठिकाणची वीजनिर्मिती वाढवायची, असे ठरले. त्यासाठी कोट्यवधी डॉलर उभे करावे लागले. २०१२ मध्ये ग्रेट वर्क्स आणि २०१३ मध्ये वीझी हे धरण काढण्याचे काम सुरू झाले. शंभराहून अधिक वर्षे अडलेले पाणी मोकळे वाहू लागले.

येथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे, की धरणांमुळे माणसांची पोटे भरतात, त्याचे काय? आपल्याकडे तर कितीतरी कोरडवाहू गावांना धरणाच्या पाण्यानेच आधार दिला आहे. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पेनॉबस्कॉटलाही तो उडवून लावला गेला नाही. सगळी धरणे पाडा, असे तेथे कोणी म्हटले नाही. कोणते धरण माशाचे सर्वांत जास्त नुकसान करते आणि कोणत्या धरणाशिवाय माणसाचे भागू शकते, हे शांतपणे मोजले गेले. विजेचा हिशेब मांडला, तेव्हा ती दुसरीकडून भरून काढता येते असे दिसले. आपण ज्याला गरज म्हणतो त्यात खरी गरज किती आणि नुसती सवय किती, हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही. ते मोजण्याची तयारी ठेवणे हाच येथे धर्म होता.

फळ आले, पण वेगळेच

मग सॅमन परत आला का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. पूर्वी या नदीत दरवर्षी हजारोंच्या झुंडी येत. आज वर्षाला काहीशे ते दीड हजारांच्या आसपास मासे परततात आणि त्यांतले बहुसंख्य अजूनही मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले असतात. वरच्या भागात अजून काही धरणे आहेत. शिवाय समुद्रात जाणारी पिल्ले पूर्वीच्या प्रमाणात जिवंत परतत नाहीत आणि तापणारा समुद्र नदीकाठच्या माणसाच्या हाती नाही. २०२३ मध्ये जगभरातील अटलांटिक सॅमनला जागतिक यादीत 'धोक्याच्या उंबरठ्यावर' असा दर्जा देण्यात आला.

पण मोकळ्या वाटेवरून दुसरेच पाहुणे आले. ॲलवाइफ नावाचा, आपल्या तारलीच्या नात्यातला छोटा मासा या नदीत फार थोडा उरला होता. २०१६ पर्यंत त्याची संख्या वर्षाला दहा लाखांवर गेली आणि पुढेही वाढत राहिली. शॅड आले, स्टर्जन जुन्या जागी पुन्हा दिसू लागले. या माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांनाही अन्न मिळाले. सॅमनची पिल्ले समुद्राकडे निघतात त्याच सुमारास ॲलवाइफच्या झुंडी वर येतात. शिकारी पक्ष्यांचे आणि माशांचे लक्ष त्यांच्याकडे जाते, त्यामुळे सॅमनची पिल्ले काही प्रमाणात वाचतात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे एकट्या सॅमनला वाचवणे शक्यच नव्हते. तो ज्या मेळ्यात जगत होता, तो मेळाच परत यावा लागणार होता.

फळ आपल्या मनासारखे आले नाही म्हणून कर्म वाया गेले असे म्हणायचे का? वाट अडवली ती आपण. ती मोकळी करणे हे कर्तव्य या कारणातूनच येते, सॅमन परत येईल या आश्वासनातून नव्हे. ज्याची वस्तू आपण घेतली, तो तिचे पुढे काय करणार हे पाहून आपण ती परत करत नाही.

मग घासाचे काय?

मत्स्यबीज केंद्रातील श्रम व्यर्थ होते, असे समजू नका. ते नसते तर वाट मोकळी होईपर्यंत तिच्यावरून चालायला पेनॉबस्कॉटचा सॅमन उरलाच नसता. घासाने जीव तगतो. संकटात घास आधी द्यावा लागतो. अडचण येते ती घास देऊन आपण थांबतो तेव्हा. दान करताना आपण वरच्या जागी असतो, घेणारा खाली. घास दिल्याने आपले काहीच बदलत नाही, म्हणून तो देणे सोपे जाते. वाट देताना मात्र आपल्याला बाजूला सरकावे लागते, आपले काहीतरी खाली उतरवावे लागते. आणि वाट मिळालेला जीव पुढे आपल्यावर अवलंबून राहत नाही, आपले आभारही मानत नाही. सेवेतला अहंकार नेमका येथेच गळतो.

आपल्या देशातही हा प्रश्न असाच उभा आहे. हिलसा, ज्याला बंगालमध्ये इलिश म्हणतात, समुद्रातून गंगेत चढून एके काळी प्रयागपर्यंत येत असे. १९७५ मध्ये फराक्का येथील बंधारा सुरू झाला आणि त्याच्या वरच्या भागात हा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. बॅरकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था आता फराक्काच्या वर हिलसा सोडण्याचे काम करते. हे चांगले काम आहे. पण त्या माशांची वाट कोणी आणि कशी मोकळी करायची, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

हा प्रश्न नदीपुरताही नाही. घरी काम करणाऱ्या बाईंना आपण दिवाळीत साडी देतो. त्यांना आठवड्याची एक सुट्टी देतो का? मुलाला हवे ते आणून देतो. त्याला त्याच्या आवडीचा अभ्यास निवडू देतो का? सुनेचे कौतुक चारचौघांत करतो. घरातल्या निर्णयात तिचा शब्द चालू देतो का? यांपैकी प्रत्येक ठिकाणी घास दिला जात असतो आणि त्याच वेळी एखादे जुने धरणही उभे असते. ते इतके जुने असते की आपल्याला तो डोंगरच वाटतो. पण ते आपणच बांधलेले असते, म्हणून काढताही येते.

या आठवड्यात एवढेच करून पाहा. आपण ज्यांच्यासाठी काही ना काही करतो, अशा एका व्यक्तीला किंवा जीवाला डोळ्यांसमोर आणा. त्याला अजून काय देता येईल, हा विचार थोडा बाजूला ठेवा. त्याच्या वाटेत आपले काय उभे आहे, ते शोधा. ते लगेच हटणार नाही. पेनॉबस्कॉटला करार झाल्यापासून पहिले धरण निघायला आठ वर्षे लागली. पण आधी ते दिसायला हवे.