एकोणसाठ दिवसांचे आयुष्य

आयुष्य मोजायचे कशाने, वर्षांनी की कर्मांनी? सत्संगात हा प्रश्न वारंवार निघतो. त्याचा विचार करताना एका चिमुकल्या जिवाकडे पाहू.

उष्ण कटिबंधातील समुद्रात, प्रवाळाच्या खडकांत इव्हिओटा सिजिलाटा नावाचा गोबी मासा राहतो. कोकणातल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आपल्याला ठाऊक आहे. हा तिच्याच नात्यातला, पण जेमतेम बोटाच्या पेराएवढा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये संशोधकांनी या माशांच्या कानातल्या इवल्या हाडांवर रोज एक याप्रमाणे उमटणारी वलये मोजली. सर्वाधिक वय भरले 59 दिवस. 2005 मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा कणा असलेल्या प्राण्यांत इतके अल्प आयुष्य कुणाचेच नोंदलेले नव्हते.

या दिवसांतले पहिले तीन आठवडे तो खुल्या समुद्रात वाढतो. मग खडकावर येऊन एक-दोन आठवड्यांत प्रौढ होतो. उरतात साडेतीन आठवडे. तेवढ्यात मादी अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत नर त्यांची राखण करतो. भोवती शत्रू इतके की, बहुतेकांना एवढेही दिवस मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, यात माशाचे काय कौतुक? निसर्गच त्याच्याकडून हे करवून घेतो. म्हणणे बरोबर आहे. माशाला काम पुढे ढकलता येत नाही. आपल्याला येते. थांबून विचार करण्याची जी शक्ती आपल्याला विवेक देते, तीच ‘उद्या पाहू’ म्हणायलाही शिकवते.

मग सतत घाईत राहायचे का? तसेही नाही. त्या माशाचे निम्म्याहून अधिक आयुष्य तयारीतच जाते आणि ती तयारी वाया जात नाही. विद्यार्थ्याचा अभ्यास, आईने मुलांना दिलेली वर्षे, आजाऱ्याची विश्रांती हा आयुष्याचाच भाग आहे. प्रश्न इतकाच की, आपण थांबलो आहोत ते तयारीसाठी की टाळण्यासाठी? तयारीत रोज काहीतरी वाढते. टाळाटाळीत फक्त दिवस जातात.

संत ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे 21 वर्षे होते. ते आयुष्य अपुरे होते असे कोणता मराठी माणूस म्हणेल? उलट ऐंशी वर्षे जगूनही भावाशी धरलेला अबोला सुटत नाही. निवृत्तीनंतर करायची म्हणून ठेवलेली सेवा राहूनच जाते.

आपल्या वाट्याला किती दिवस आहेत, हे आपल्या हाती नाही. आजचा दिवस मात्र आहे. आज रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी पुढे ढकललेले, पण माझेच असलेले कर्तव्य कोणते? आणि त्याची एक लहानशी सुरुवात करूनच डोळे मिटावेत.